‘दोष’ या शब्दाची परीक्षा : रत्नांच्या पोटात काय असतं?

 

विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन जणांचे फोन आले. सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, रत्नांकडे कसे वळलात? एकांना तर वाटलं, कोणता खडा कोणत्या बोटात घालायचा ते आम्ही सांगणार. तसं काही नाही. आज आम्ही एका शब्दावर टीका करणार आहोत, आणि तो शब्द आहे ‘दोष’. खड्यात काही दिसलं, डाग म्हणा, रेघ म्हणा, ढगासारखं काही म्हणा, की आपण म्हणतो खड्यात दोष आहे. हा शब्द कुठून आला, तो बरोबर आहे का आणि त्याने काय काय केलं, एवढंच बघायचं आहे.

सुरुवात घरातूनच करू. आमच्या घरी माणकाच्या दोन अंगठ्या होत्या. एक आजीची, माहेरून आलेली. तिचा खडा लाल, पण जरा धुरकट. उजेडात धरला तर आत दुधाचा थेंब सांडल्यासारखं दिसे. दुसरी आमच्या आईची. तिचा खडा इतका स्वच्छ की थेट पलीकडचं दिसावं. या दोन अंगठ्यांमध्ये एक मृत्यू आहे. आमचा धाकटा भाऊ तीन वर्षांचा असताना तापाने गेला. साल १९५७. त्या दिवसांत घरी आलेल्या कुणीतरी आजीचा हात पाहिला आणि म्हटलं, “डागी माणिक घातलंय घरात, दुसरं काय होणार?” आजीने अंगठी त्याच दिवशी काढली. पुढे ती वीस वर्षं जगली, पण बोटात काही घातलं नाही. कुणी तिला उघड दोष दिला नाही. पण तिने तो घेतला होता, हे आम्हाला लहानपणीही कळायचं. त्यानंतर वडिलांनी आईसाठी ‘निर्दोष’ माणिक घेतलं. त्यात त्यांचा तीन-चार महिन्यांचा पगार गेला.

दोन वर्षांपूर्वी वाटणीचा विषय निघाला, तेव्हा आम्ही दोन्ही अंगठ्या घेऊन एका रत्नपरीक्षकाकडे गेलो. तिथली मुलगी आमच्या नातीच्या वयाची. तिने आधी आईची अंगठी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, “सर, हा फार स्वच्छ आहे. तेच वाईट आहे.” मग आम्हाला बघायला बोलावलं. आत बारीक, वक्र, एकासारख्या एक रेषा होत्या. जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात ना, तशा. मधेमधे टाचणीच्या टोकाएवढे गोल बुडबुडे. खडा कृत्रिम होता.

ही पद्धत ऑग्युस्त व्हेर्नुय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची. १९०२ मध्ये त्याने ती जाहीर केली. ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी आणि किंचित क्रोमियम ऑक्साइड हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्योतीतून खाली सोडायची. ती वितळते, खाली थेंबाथेंबाने साचते आणि थिजत जाते. प्रत्येक थराचा माथा गोलसर असतो म्हणून आत वक्र रेषा उरतात. पृथ्वीच्या पोटात वाढणारा स्फटिक सपाट पैलूंनी वाढतो, म्हणून त्यातल्या वाढीच्या रेषा सरळ असतात आणि कोनात वळतात. रेषा वक्र दिसली की समजायचं, हे भट्टीतलं आहे. गंमत बघा, रासायनिक दृष्टीने ते माणिकच असतं. काच नव्हे. पण वडिलांनी पैसे मोजले ते खाणीतल्या माणकाचे. विकणाऱ्यालाही कदाचित ठाऊक नसेल, त्यामुळे त्याच्यावर आज खापर फोडण्यात अर्थ नाही.

मग आजीची अंगठी. दिव्याचा कोन बदलताच तो दुधाचा थेंब उजळला आणि त्याचे धागे झाले. अत्यंत बारीक सुया, तीन दिशांना, एकमेकींना साठ अंशांत छेदणाऱ्या. रूटाइल नावाच्या खनिजाच्या सुया. याला या विद्येत ‘रेशीम’ म्हणतात. ती मुलगी म्हणाली, “सर, हे खरं माणिक आहे. आणि तापवलेलंही नाही.” हे तिला कसं कळलं? माणकाचा रंग सुधारण्यासाठी ते फार मोठ्या तापमानाला भाजतात. त्यात रूटाइलच्या सुया विरघळू लागतात, तुटतात, ठिपक्यांच्या ओळी होतात. इथे सुया अखंड होत्या.

म्हणजे ज्या धुरकटपणामुळे आजीने अंगठी काढली, तोच धुरकटपणा तिच्या खड्याच्या खरेपणाचा साक्षीदार होता. आणि ज्या स्वच्छतेसाठी वडिलांनी पगार ओतला, ती भट्टीची खूण होती. आम्ही घरी आलो आणि बरेच दिवस हा शब्द डोक्यातून जाईना. दोष. कुणाचा दोष?

आता जरा शास्त्राकडे वळू. आपल्याकडे रत्नपरीक्षेची परंपरा जुनी आणि समृद्ध आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत रत्नांवर स्वतंत्र अध्याय आहेत. बुद्धभट्टाची रत्नपरीक्षा आहे, अगस्तिमत आहे. लुई फिनो या फ्रेंच पंडिताने १८९६ मध्ये हे रत्नग्रंथ एकत्र संपादून छापले, तेव्हा युरोपला कळलं की भारतात खड्यांकडे किती बारकाईने बघत होते. आणि हे आपल्या विदर्भापासून दूरचंही नाही. बृहत्संहितेत वेणा नदीच्या काठचा हिरा शुद्ध म्हटला आहे, आणि ती वेणा म्हणजे आपली वैनगंगा असं काही अभ्यासक मानतात. गडचिरोली जिल्ह्यात, आरमोरी तालुक्यात वैरागड आहे. तिथल्या हिऱ्याच्या खाणीची नोंद अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीत सापडते.

या परंपरेत हिऱ्याचे पाच दोष सांगतात : मल, बिंदू, यव, रेखा आणि काकपद. मल म्हणजे गढूळपणा. बिंदू म्हणजे ठिपका. यव म्हणजे जवाच्या दाण्याचा आकार. रेखा कळलीच. काकपद म्हणजे कावळ्याच्या पायासारखी फुटलेली चीर. हे वर्णन किती नेमकं आहे बघा. भिंगाची सोय नसताना नुसत्या डोळ्याने, उन्हात खडा फिरवून केलेलं हे निरीक्षण आहे. आजच्या परीक्षकाला ही नावं दिली तर तो प्रत्येकासमोर आपली संज्ञा लिहून देईल. या भागाला आमचा नमस्कार आहे.

टीका पुढच्या भागावर आहे. प्रत्येक दोषाला एक फळ जोडलेलं आहे. या दोषाने भय, त्याने धननाश, पार मृत्यूपर्यंत. इथे दोन गोष्टी एका दोऱ्यात ओवल्या गेल्या. एक, ‘आत हे दिसतं’. दुसरी, ‘याने हे घडेल’. पहिलं प्रत्यक्ष आहे. दुसऱ्याला प्रत्यक्षाचा आधार नाही, अनुमानाचाही नाही. काकपदाने हिरा ठोकर बसताच फुटू शकतो, हे खरं आहे आणि उपयोगी आहे. काकपदाने माणूस मरतो, हे मात्र कुणी पाहिलेलं नाही. पण वर्णन इतकं अचूक आहे की त्याच्या भरवशावर फळही खपून जातं. आमच्या आजीच्या बाबतीत नेमकं हेच झालं. डाग खरा होता, म्हणून शापही खरा वाटला.

आणि याच परंपरेत तिचं उत्तरही दडलेलं आहे. नवरत्नांत एक लसण्या आहे, ज्याला वैडूर्य म्हणतात. मांजराच्या डोळ्यासारखी प्रकाशाची पट्टी त्यावर सरकते. ती पट्टी येते कुठून? त्या क्रायसोबेरिलच्या आत हजारो सूक्ष्म सुया किंवा नळ्या एकाच दिशेने पडलेल्या असतात. प्रकाश त्यांच्यावरून आडवा परावर्तित होतो. त्या काढून टाकल्या तर लसण्या उरतच नाही, एक साधा पिवळसर खडा उरतो. म्हणजे ज्या परंपरेने ‘आत काही असणं’ दोष ठरवलं, तिनेच नऊतला एक खडा निव्वळ त्याच्या आत काही आहे म्हणून निवडला. सहा किरणांचं तारांकित माणिक हाही त्याच रूटाइलच्या रेशमाचा खेळ. काश्मीरच्या पाडर भागातला नीलम मखमली दिसतो, तोही आतल्या अतिसूक्ष्म कणांमुळे. शुद्ध म्हणजे रिकामं, ही व्याख्या परंपरेलाही शेवटपर्यंत पाळता आली नाही.

तुम्ही म्हणाल, सर, हे जुनं झालं, आता विज्ञान आहे, प्रमाणपत्र आहे. बरं, प्रमाणपत्राकडे बघू. जीआयए या अमेरिकन संस्थेने १९५० च्या दशकात हिऱ्याच्या स्वच्छतेची श्रेणी बांधली. आज तिच्यात अकरा पायऱ्या आहेत. सगळ्यात वर ‘फ्लॉलेस’, म्हणजे निर्दोष. मग ‘व्हीव्हीएस’, ‘व्हीएस’, ‘एसआय’ असं उतरत उतरत शेवटी ‘आय’. आपल्या इतवारीतल्या सराफा ओळीत उभे राहिलात तरी ही अक्षरं कानावर पडतात.

इथे तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी एक प्रश्न विचारतो. निर्दोष म्हणजे आत काही नाही, हे कसं कळलं? उत्तर असं, की दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून निष्णात माणसाला काही दिसलं नाही. आपल्याकडे भाट्ट मीमांसक आणि अद्वैती यासाठी एक स्वतंत्र प्रमाण मानतात, अनुपलब्धी. न दिसण्यावरून नसणं कळतं. पण त्याला ते एक कडक अट घालतात : वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. टेबलावर घडा नाही, हे उजेडात कळतं. अंधारात ‘घडा दिसत नाही’ यावरून काही सिद्ध होत नाही. आता दहा पट भिंगाला दिसत नाही ते पन्नास पटीला दिसू शकतं. म्हणजे ‘फ्लॉलेस’ हे विधान मर्यादित अनुपलब्धीचं आहे : दहा पटीपर्यंत काही दिसलं नाही. तेवढंच. व्यवहारासाठी ही मर्यादा कुठेतरी आखावीच लागते आणि संस्थेने ती उघडपणे आखली आहे, त्यात लबाडी नाही. लबाडी दुकानात शब्द बदलताना होते. ‘दहा पटीत दिसत नाही’ याचं ‘आत काही नाही’ होतं, आणि मग ‘उत्तम आहे’ होतं.

शब्दांचा आणखी एक पुरावा देतो. या श्रेणीतलं शेवटचं ‘आय’ पूर्वी ‘इम्परफेक्ट’ या शब्दाचं होतं, म्हणजे अपूर्ण, सदोष. पुढे संस्थेने अक्षर तेच ठेवून शब्द बदलला. आता ते ‘इन्क्लुडेड’, म्हणजे ज्याच्या आत काही आहे ते. हा बदल आम्हाला महत्त्वाचा वाटतो. निवाड्याचा शब्द काढून वर्णनाचा शब्द आणला. हिऱ्याची जागा मात्र तळाशीच राहिली.

आता टीका आमच्या स्वतःवर. तीस वर्षं आम्ही वर्गात स्फटिक आणि जास्वंदीचा दृष्टांत शिकवला. ज्यांनी वेदान्त किंवा सांख्य थोडंफार वाचलं असेल त्यांना तो ठाऊक आहे. रंगहीन स्फटिकाजवळ जास्वंदीचं लाल फूल ठेवलं की स्फटिक लाल दिसतो. लाली फुलाची, दिसते स्फटिकावर. फूल ही उपाधी : जवळ राहून आपला धर्म दुसऱ्यावर चढवणारी. फूल हलवा, स्फटिक होता तसाच. तसाच आत्मा. अतिशय सुंदर दृष्टांत. पण तीस वर्षांत आम्ही एकदाही स्फटिक हातात घेऊन बघितला नव्हता. बघितला असता तर एक प्रश्न पडला असता : फूल स्फटिकाच्या आतच असेल तर?

आणि याचं उदाहरण कुठे सापडावं? इथे, नागपुरात. स्टीफन हिस्लॉप हे नाव आपल्या शहराला कॉलेजमुळे माहीत आहे. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्याने या भागाचा भूगर्भ पायाखाली घातला. टाकळीच्या थरांतले जीवाश्म त्यांनीच जगापुढे आणले. तेव्हा गावाबाहेर असलेली टाकळी आता शहरात विरघळून गेली आहे. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटकडची शिळावर्तुळं पाहून परतताना हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडाला. तर, या परिसरातून एक हिरवंगार खनिज बाहेर गेलं. डब्लिनच्या सॅम्युअल हॉटनने १८५९ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि हिस्लॉपच्या नावाने त्याला ‘हिस्लोपाइट’ म्हटलं. पुढे ते नाव स्वतंत्र खनिज म्हणून टिकलं नाही. ते निघालं साधं कॅल्साइट. शुद्ध कॅल्साइट रंगहीन किंवा पांढरं. हिरवेपणा आत विखुरलेल्या सेलॅडोनाइटसारख्या हिरव्या खनिजाच्या कणांचा. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत हा हिरवा थर पुष्कळदा दिसतो. सौम्य आम्ल टाकलं तर कॅल्साइट फसफसून जातं, हिरवं मागे राहतं.

हिस्लोपाइट काही नवरत्नांतलं नाही, दागिन्यात बसण्याइतकं कठीणही नाही. पण दृष्टांत म्हणून ते मोलाचं आहे. इथे फूल स्फटिकाच्या पोटात आहे. ते हलवता येत नाही. हलवायचं तर स्फटिकच विरघळवावा लागतो. लाली फुलाची की स्फटिकाची हा प्रश्न सोपा होता. हिरवेपणा कुणाचा, हा प्रश्न तितका सोपा नाही. कण परके आहेत, पण स्फटिक त्यांना कवेत घेऊनच वाढला.

याच्या एक पाऊल पुढे माणिक. माणकाचं मूळ द्रव्य कोरंडम, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. तेही शुद्ध असेल तर रंगहीन. लाली येते क्रोमियममुळे. ॲल्युमिनियमच्या शंभर जागांपैकी जेमतेम एखाद्या जागेवर, बरेचदा त्याहूनही कमी, क्रोमियमचा अणू बसलेला असतो. हा कण आत अडकलेला नाही, तो स्फटिकाच्या बांधणीतच बसला आहे. सूक्ष्मदर्शकाला तो वेगळा दिसणारही नाही. तो काढला तर माणिक उरत नाही. मग त्याला उपाधी म्हणायचं की स्वरूप?

तीन पायऱ्या झाल्या बघा. फूल बाहेर, जसा जुन्या दागिन्यात खड्याखाली चकाकता पत्रा ठेवत. कण आत, जसं हिस्लोपाइट. आणि अणू बांधणीत, जसं माणिक. आपला दृष्टांत फक्त पहिली पायरी ओळखतो. वेदान्ती म्हणेल, दृष्टांत एकदेशी असतो, त्याला फार ताणू नका. मान्य. आत्म्याबद्दल आम्ही काही बोलत नाही. पण या दृष्टांतामुळे एक सवय लागते. जे मूळचं नाही ते बाहेरचं, जे बाहेरचं ते काढून टाकण्याजोगं. ती सवय खड्यांबद्दल चुकते आणि माणसांबद्दल तर फारच चुकते.

मग आतल्या गोष्टींकडे नीट कुणी बघितलं? इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बीने १८५८ मध्ये स्फटिकांच्या सूक्ष्म रचनेवर निबंध प्रसिद्ध केला. स्फटिकांत बारीक पोकळ्या असतात, त्यांत द्रव असतो आणि द्रवात एक बुडबुडा. सॉर्बीचा विचार साधा होता. गरम पाक बाटलीत काठोकाठ भरून बूच घट्ट लावलं, तर थंड झाल्यावर वर थोडी जागा रिकामी दिसते. पाक आकसतो, बाटली तितकी आकसत नाही. स्फटिकाचंही तसंच. द्रव कोंडला गेला तेव्हा पोकळी भरलेली होती. निवताना द्रव आकसला आणि बुडबुडा आला. आता स्फटिक पुन्हा हळूहळू तापवा. बुडबुडा लहान होत एका क्षणी नाहीसा होतो. ते तापमान नोंदवा. निदान तितक्या उष्णतेत हा स्फटिक वाढला होता. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा तापमापक, सीलबंद. बाजार त्याला बुडबुडा म्हणतो आणि किंमत कमी करतो.

विसाव्या शतकात हे काम स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड ग्युबेलिनने आयुष्यभर केलं. जॉन कोइव्हुलाबरोबर त्याने काढलेल्या छायाचित्र-संग्रहाचा पहिला खंड १९८६ चा, आणि असे तीन खंड आहेत. आतल्या वस्तूंचे त्यांनी तीन वर्ग वापरले : स्फटिकाच्या आधीच्या, स्फटिकासोबतच्या, स्फटिकानंतरच्या. पाने उलटताना माणूस हरखून जातो. उरलच्या हिरव्या गार्नेटमधली घोड्याच्या शेपटीसारखी तंतूंची झुपकी, पाचूमधल्या बागा, गोमेदातलं पाकासारखं वळवळतं पाणी. या माणसांनी ‘दोष’ या शब्दाला दिलेलं हे सर्वात मोठं उत्तर आहे. ज्याला तुम्ही डाग म्हणता, ते बघा तरी, असं ते म्हणतात.

तरीही त्यांच्यावरही थोडी टीका करायला हवी. पहिली गोष्ट, प्रकाशाची. काळ्या पार्श्वभूमीवर बाजूने उजेड सोडला की आतला कण ताऱ्यासारखा चमकतो. तोच उजेड खालून सरळ सोडला की तोच कण काळा ठिपका दिसतो. आमच्या आजीचं रेशीम दिव्याचा कोन बदलल्यावरच दिसलं. म्हणजे छायाचित्रात दिसतं ते खड्याचं आणि दिव्याचं मिळून असतं. सौंदर्याने भुलून आपण डागाला दागिना म्हणू लागलो, तर तेही फळ जोडणंच झालं. आधी अशुभ जोडलं, आता सुंदर.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. आतली वस्तू ही नैयायिकांच्या भाषेत लिंग आहे, हेतू आहे. धुरावरून अग्नी, तसं सुयांवरून खाण. पण हेतू निर्दोष हवा. पाचूचं उदाहरण घ्या. एका पोकळीत द्रव, वायूचा बुडबुडा आणि मिठाचा चौकोनी स्फटिक असं तिन्ही एकत्र दिसलं, की पाचू कोलंबियाचा, असं पुष्कळ वर्षं मानत. पुढे अफगाणिस्तानातल्या पंजशीरच्या आणि इतर काही ठिकाणच्या पाचूंतही तसंच सापडलं. हेतू साध्याला सोडूनही राहतो, म्हणून हा सव्यभिचार. हिऱ्याचंही तसंच. आतल्या ऑलिव्हीनच्या कणाला हिऱ्यासारखे पैलू दिसले की दोघे एकाच वेळी वाढले, असं समजत. इटलीतल्या संशोधकांनी क्ष-किरणांनी त्यांच्या स्फटिक-दिशा मोजल्या, तेव्हा ठाम नातं दिसेना. आधी असलेल्या कणालाही हिरा आपला आकार देऊ शकतो. ‘आधीचं’ आणि ‘सोबतचं’ हे वर्ग पुस्तकात सरळ दिसतात, खड्यात नव्हे.

आणि तिसरी गोष्ट ऐकून हसू येईल. स्वच्छ खड्यावर संशय घेतात हे कळल्यावर बनवणाऱ्यांनी काय केलं असेल? कृत्रिम माणिक तापवून एकदम गार करतात, म्हणजे आत चिरा पडतात. मग त्या चिरांत असं द्रव्य भरतात की नैसर्गिक खड्यातल्या बोटांच्या ठशांसारखी जाळी दिसते. म्हणजे आता दोषांचीही नक्कल होते. ज्या गोष्टीची नक्कल करावीशी वाटते, ती दोष कशी असेल?

मग दोष हा शब्द टाकून द्यायचा का? नाही. पृष्ठभागापर्यंत आलेली चीर खड्याला फोडू शकते, तिला दोष म्हणा. काच भरून चीर लपवली आणि सांगितलं नाही, तर तो विकणाऱ्याचा दोष आहे. पण आत नुसतं काही आहे, एवढ्याला दोष म्हणू नये. आम्ही त्याला ‘अंतर्वस्तू’ म्हणतो. तुम्हाला याहून बरा शब्द सुचला तर जरूर सांगा. अट एकच, शब्द वर्णनाचा हवा, निवाड्याचा नको. निवाडा नंतर, आणि तो कशासाठी, कुणाच्या सोयीने, हे सांगून.

एक शेवटचं उदाहरण. ब्राझीलच्या जुइना भागातला एक मळकट तपकिरी हिरा. दागिन्यात कुणी बसवला नसता. २०१४ मध्ये ग्रॅहम पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी त्याच्या आत केसाच्या जाडीलाही न पोहोचणारा एक कण दाखवला. रिंगवुडाइट. पृथ्वीच्या पोटात साधारण ५२० ते ६६० किलोमीटर खोलीवर हे खनिज असणार, असं मानत होते, पण पृथ्वीवरचा नैसर्गिक नमुना हाती आला नव्हता. तोवर ते फक्त उल्कापाषाणांत मिळालं होतं. या कणात वजनाच्या सुमारे एक टक्का पाणी बांधलेलं निघालं. एवढ्या खोलीपर्यंत माणूस कधी खणू शकणार नाही. तिथलं पाणी आपल्याला ज्याने आणून दाखवलं, तो हिरा प्रतवारीत तळाशीच बसला असता.

आजीची अंगठी आता आमच्या नातीकडे आहे. ती अजून घालत नाही. म्हणते, आजोबा, आधी मला त्यातलं रेशीम बघायचंय. आम्ही तिला पुढच्या महिन्यात घेऊन जाणार आहोत. आमच्या आजीला हे सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच मनात राहतं. तो ताप होता. खड्याने काही केलं नव्हतं, आणि तिनेही नाही.

इथे थांबतो. कुणाकडे खडा असेल तर घरी गेल्यावर जरा उजेडात धरून बघा. आत काही दिसलं तर घाबरू नका. प्रश्न असतील तर विचारा, वेळ आहे.